उद्गारचिन्ह

औसा रोडला कौसाबाईंच्या खानावळीवरच्या माळ्यावर
मी रेल्स शिकलो. भाडं नाही,
बदल्यात डब्यांचा हिशेब ठेवणारं ॲप.

पहिल्याच रात्री लॉग धो धो वाहिला :
आधी सगळ्या मुलांची यादी,
मग एकेका मुलासाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी.
मुलं दोनशे चौदा, फेऱ्या दोनशे पंधरा.
"आमचा मोहसीन बी आधी असाच," बाई म्हणाल्या,
"एका ताटापायी एकदा चुलीपशी.
म्हणलं, समद्यांचं इचारून ये, मंग वाढ."

डेटालोडर लावला. लॉग गप्प.

ग्राफक्यूएल त्यांना समजावं लागलंच नाही.
जिंतूरच्या पोराला भात नको,
उदगीरच्या दोघींना ठेचा वेगळ्या डबीत,
मागेल तेवढंच, मागेल त्या नावानं.
त्यात नवं काय, असं त्यांचं तोंड.

स्कीमात मी लिहिलं होतं, घरचा फोन,
आणि पुढे उद्गारचिन्ह :
हे असायलाच हवं.
जूनच्या शेवटी एक मुलगा आला, रकाना रिकामा.
त्या एका रिकाम्यानं
दोनशे चौदा जणांचं उत्तर गिळलं,
स्क्रीनवर नुसतं नल.
डबे तसेच ओट्यावर, वाफ धरून.

रात्री मी उद्गारचिन्ह खोडलं, डिप्लॉय केलं, झोपलो.

सकाळी बघतो तर रकाना भरलेला.
दहा आकडे, ओळखीचे,
खाली पाटीवर रंगवलेले तेच.
बाई कणीक मळत होत्या, वर बघितलंही नाही.

मी चहा घेतला.
उद्गारचिन्ह परत लिहिलं.