एका गुणाने

आज रात्रीपुरते आम्ही सगळे मालेगावकर.
आसाराम खैरनारांनी तसं जाहीरच केलं,
मफलर कानावर ओढत, तिसऱ्या खांबापाशी,
परवा बसले होते त्याच जागी.
"परवा तर हरलो. जागा बदला की," इक्बाल म्हणाला.
"जागेचा दोष नाही. तू भेळ आणायला उठलास."

परवा, उपांत्य फेरीत, एका गुणाने.
एक गुण म्हणजे किती?
पप्पू धात्रकच्या बुटाचं टोक
आणि मध्यरेषा, यांच्यात पंचाला दिसलं तेवढं.
घरी बायकोने विचारलं,
तर मी ताटातच बोटाने रेघ ओढून दाखवली:
हा भात सातपूर, हे वरण जेल रोड.
ती म्हणाली, वरण निवतंय.

आणि आता समोर तेच सातपूरवाले,
निळ्या जर्सीवर पिवळा पट्टा,
मध्यंतराला आठने पुढे.
त्यांचा तो कैलास मोगरे,
काडीसारखा, गुडघ्याला चिकटपट्टी.
चढाईला निघताना मातीला नाही,
स्वतःच्या गालाला हात लावतो,
जशी दाढ दुखतेय.
मालेगावचा उजवा कोपरा म्हणे
एसटीत उभ्याने आलाय.
"घोटा धर! अरे घोटा, घोटा!"
आम्ही घसा फोडून ओरडतोय
ज्या पोरांसाठी, त्यांची नावं
पत्रकात शोधावी लागतात.

गारठा असा की निफाडकडे आज
द्राक्षांच्या बागांत शेकोट्या पेटल्या असतील.
इथे आमच्यात एक चहा, तिघांत.
कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर
विलास गोवर्धने असतो, सातपूरचा.
उद्या पहिल्या पाळीला तो काही बोलणार नाही.
तेच वाईट.
नुसता ड्रिलला तेल सोडेल
आणि शीळ घालेल.

तेवढ्यात नंदू लोखंडे म्हणाला,
"एक सांगू? जिंकू देत त्यांना.
म्हणजे आपण अजिंक्यवीरांकडून हरलो असं होईल.
हे आज पडले,
तर आपण नेमके कोणाकडून हरलो?"

कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.
मग आसाराम, मान न वळवता:
"ऊठ. पलीकडे जाऊन बस त्यांच्यात."
नंदू उठला नाही.
पण शब्द बसला तो बसलाच,
शेंगदाण्याचं साल दातात बसावं तसा.

शेवटची सहा मिनिटं.
मालेगावने लोण चढवला,
इक्बाल माझ्या खांद्यावर चढला,
भोंग्यातून गुणफलक ओरडला: बरोबरी!
आणि कैलास मोगरे निघाला,
दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी,
गालाला हात लावून.

"आता डावा खांदा पाडेल," आसाराम पुटपुटले.
पाडला.
"कोपरा फसेल."
फसला.
"आता उजवा पाय..."
पलीकडे त्यांची माणसं शिट्ट्या फुंकत होती,
ढोल बडवत होती, त्याला बघत कोण होतं?
बघत होतो आम्ही.
परवापासून डोळे मिटले की तोच.
त्याचा दम कुठे तुटतो, कुठे चोरतो,
आमच्याइतका तो कोणाला पाठ नव्हता,
त्याच्या आईलासुद्धा नसेल.
त्याने दम धरला,
आणि तिसऱ्या खांबापाशी
बारा माणसांनी श्वास सोडला नाही.

उजवा पाय.
मग पाठीवर तिघं घेऊन
बोटांची नखं रेषेपलीकडे.

एका गुणाने. पुन्हा.

निळं-पिवळं सगळं मैदानात घुसलं.
विलास गोवर्धने दिसला,
कोणाच्या तरी पोराला खांद्यावर घेऊन
येड्यासारखा नाचताना. त्याने मला पाहिलं नाही.
आसारामना जोराचा ठसका लागला.
इक्बालने पाठ थोपटली, नंदूने उरलेला चहा दिला.
ठसक्याच्या आधी ते एक शब्द बोलले,
मी शेजारीच होतो, ऐकला.
सांगणार नाही.
मला जेल रोडला राहायचंय.