वर कुठे आहे

अंतानानारिव्होच्या उतारावर, भातखाचरांच्या वर,
रात्री नऊला वोआहिराना
पांढऱ्या पट्ट्यावर रेघ ओढते.
रेघ दिसत नाही.
सुईएवढ्या तोटीतून थेंबाचा हजारावा भाग,
आणि तो कागद, कागदही नव्हे तो,
नायट्रोसेल्युलोज, पापुद्र्याहून पातळ,
पितो आणि गप्प बसतो.

त्या न दिसणाऱ्या रेघेत कोट्यवधी प्रतिपिंडं,
उंदराच्या पेशींनी वाढवलेली.
उंदीर-घुशींनी आणलेल्या प्लेगवर
पहारेकरी उंदराच्याच घरचे:
नव्या मुलांना ती हे दर वर्षी सांगते, हसते,
आणि मास्क नाकावरून घसरतो.

एकेकाला दोन हात, एक पाय.
पाय रोवला, हात मोकळे राहिले तर ठीक.
पण कुणी कुशीवर कलंडतं,
कुणी पालथं,
कुणी दोन्ही हातांनी जमिनीलाच मिठी मारतं,
चिकटलेलं पक्कं, कामाला शून्य.
थोडी जरी उभी राहिली तरी रेघ उजळते,
म्हणायचे तिचे जुने साहेब, राझाफीमाही.
बाकीच्यांवर रागावू नकोस.
वर कुठे आहे
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या सप्टेंबरात अख्खा घाणा बिघडला.
वीज गेली, सुकवायची पेटी गार पडली,
रेघ ओलीच राहिली, फुटली, ओघळली.
सकाळी प्लेगचं प्रथिन मुद्दाम घालून पाहिलं
तरी पट्ट्या कोऱ्या.
बाराशे.
लगेच फेकल्या नाहीत तिने.
एकेक खिडकीशी धरून पाहिली,
शाळेत न आलेल्या मुलांची
नावं घ्यावीत तशी.

रेघ सुकली की उरलेली जागा भरायची,
दुधातल्या केसीनने.
रिकामं ठेवलं तर वाटेल ते येऊन चिकटतं
आणि धडधाकट माणूस आजारी ठरतो.
(तिच्या आईचं मत, घराचंही तसंच.
या वाक्यावरून शेजारची रासोआ
दोन वर्षं बोलत नव्हती.)

माझ्या भाषेत यांना प्रतिपिंड म्हणतात,
मी तिला सांगितलं.
पिंड म्हणजे?
शरीर, म्हणाले. आणि भाताचा गोळा,
गेलेल्यांसाठी.
तिचा हात मशीनवर थांबला.
त्यांच्याकडे गेलेल्यांना बाहेर काढतात,
नव्या रेशमात गुंडाळतात,
खांद्यावर घेऊन नाचतात, गावातल्या बातम्या सांगतात.
प्लेगने गेलेल्यांचं दार मात्र
सात वर्षं बंद.
"माझ्या मामाचं सहावं चालू आहे," म्हणाली
आणि पुढचा रोल लावला.

दोन दिवस गाडीने, मग अर्धा दिवस पायी.
त्सिरोआनोमान्दिदीच्या पलीकडे एका ओट्यावर
आरोग्यसेवक फेनोसोआ
कुपीत पट्टी उभी करतो.
मुलगा नऊ वर्षांचा, जांघेत गाठ,
आई त्याच्या पायावरच्या माशा वारते आहे
आणि पट्टीकडे मुद्दाम बघत नाही.
ओल वर चढते.
तिसऱ्या मिनिटाला वरची रेघ आली:
पट्टी धड आहे, एवढंच.
खाली कोरं.
पाचवं मिनिट. खाली कोरं.
कुठल्यातरी रात्री, वीज असताना,
तिथे कुणी पाय रोवून
हात उघडे ठेवून उभं राहिलं आहे
की सगळीच पालथी,
ते फेनोसोआला माहीत नाही.
त्याला कोंबडी हाकलायची आहे.

आठव्या मिनिटाला
तो पट्टी दाराच्या उजेडात कलती करतो.
खाली काहीतरी.
गुलाबी म्हणावं इतकंही नाही.
कागदावर पंधरा मिनिटं लिहिली आहेत.
तो सुईचं पाकीट फोडतो.