टारफुला

आदगोंडा मगदूम आळत्याहून एस्टीनं आले,
ओल्या पंचाच्या गाठोड्यात उसाची मुळं घेऊन.
"बाई, पाणी हाय, मेहनत हाय,
माळाची जमीन हाय, चुनखडीची, ती मान्य.
पर ऊस पिवळा पडायलाय. आन् बुडाशी ही फुलं."
पांढरी, नाजूक. देवाला वाहावीत अशी.

मी मुळं धुतली, कॉस्टिकमध्ये उकळली,
निळ्या रंगात बुडवली.
सागरमाळावरचे सगळे डबा खायला गेले होते.
भिंगाखाली मुळाची एक पेशी,
आणि पेशीत उभं आणखी एक झाड,
फांद्यांना फांद्या, पान एकही नाही.

बुरशी.
मूळ पोचत नाही त्या फटीत तिचा दोरा जातो,
स्फुरदाचा कण उचलून आणतो.
मोबदला साखरेत.
शाहूपुरीतला जुना गुळाचा सौदा आठवा, मी म्हटलं,
रुमालाखाली बोटांत बोटं,
वर दोन्ही चेहरे कोरे.
ते हसले. "आमच्या आबांची बोटं त्यातच वाकडी झाली."

पण सौद्याआधी हाक द्यावी लागते.
मूळ भुकेलं की मातीत काही सोडतं,
थेंबाचा लक्षांश: ये.
हाक बुरशीसाठी असते.
आणि तिथंच, धुळीएवढं,
टारफुल्याचं बी कित्येक वर्षं कान देऊन पडलेलं.
हरळी निदान समोर येऊन भांडते.
हा हाकेच्या मागावर येतो
आणि मुळात मूळ घालून पितो.

बराच वेळ पंखा तेवढा करकरत होता.
"म्हंजे हाक मारायचीच न्हाई?"

स्फुरद भरपूर मिळालं तर मूळ गप्प बसतं.
चोर येत नाही.
बुरशीही येत नाही.
ते माझ्याकडे बघत राहिले,
जणू मीच कुणाला तरी गप्प बसवलं होतं.

चवळी लावा, मी घाईनं म्हटलं.
तीही हाक देते, बी फसून उगवतं,
पण चवळी त्याला आत घेत नाही.
उपाशी मरतं.
"असं," म्हणाले. पंचा झटकला,
फुलं खिशात घालायला लागले.
नेऊ नका, वाटेत बी सांडेल.
त्यांनी ती परत ठेवली, एकेक करून.

संध्याकाळी रंकाळ्याच्या बसमध्ये
कंडक्टरनं माझी निळी बोटं बघितली.
"कुठं मतदान हुतं आज?"
मी हात ओढणीखाली घेतला.