राहून गेलेलं अक्षर

इथलं गवत मी हातकात्रीनेच कापते.
यंत्राची दोरी दगडाला लागली की टवका उडतो,
मग तीनशे वर्षांपूर्वीच्या देवदूताची करंगळी
गवतात शोधत बसावं लागतं.
एकदा झालंय तसं.
करंगळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,
मिठाच्या बरणीशेजारी.
व्हिकरना अजून सांगितलेलं नाही.

ऑर्स्कमच्या चर्चचं हे आवार.
पेटाऱ्यांसारखी थडगी, मधाच्या रंगाची,
त्यांतली सहा लोकरीच्या व्यापाऱ्यांची:
झाकणावर दगडातच कोरलेले गठ्ठे,
दोर आवळल्याच्या खाचांसकट.
माणसं गेली तीही माल उशाला घेऊन.

जॉब हॅथर्लीचं सगळ्यात मोठं.
चार कोपऱ्यांना चार गुबगुबीत पोरं,
गाल असे, की गरम बटाटा तोंडात धरलाय
आणि थुंकायची चोरी.
खाली कवटी. तिच्या डाव्या डोळ्यात
गोगलगायी हिवाळा काढतात, एकमेकींना चिकटून.

काळ्या दगडावरची रेघ, म्हणतात.
हा दगड काळा नाही.
हा मुळात समुद्राचा तळ; नख मारलं
तर शिंपल्यांची भुकटी येते बोटावर.
जॉबच्या अकरा ओळी होत्या:
सचोटी, दानधर्म, चर्चच्या छपराला दिलेलं शिसं.
सूत कातणाऱ्या बायका त्याच्या तराजूबद्दल काय म्हणत
ते कुणी कोरलं नाही.
पाऊस त्या ओळी चाटत गेला,
उरलेल्यावर दगडफूल बसलं, राखाडी, केशरी.

बाराव्या ओळीत बायको.
आणि थॉमसिन, त्याची पत्नी. संपलं.
त्यातही पाथरवटाकडून नावातलं एक अक्षर राहिलं.
दिवस कलला असेल. किंवा ठरलेली मजुरी
अकराव्या ओळीलाच संपली असेल.
पण कुणाच्या तरी लक्षात आलं,
आणि तो छिन्नी घेऊन परत आला:
खाली काकपद, वर इवलंसं अक्षर,
घाईत, गरजेपेक्षा खोल.

मागच्या वर्षी जिल्ह्याचा माणूस आला, पांढरे हातमोजे घालून.
म्हणाला, घासून सगळं नव्याने कोरता येईल.
चूकही काढून टाकू.
सभेला आम्ही नऊजण, आणि बिस्किटं.
मिस ब्रॅडिक दगडफुलांच्या बाजूनं बोलल्या, बराच वेळ.
म्हातारा एनॉक टॅनफिल्ड, जन्म खाणीत गेलेला,
एका कानानं बहिरा,
शेवटी कप खाली ठेवून म्हणाला,
"त्या अख्ख्या थडग्यावर
तेवढ्याचसाठी कुणी परत आलंय."
ठराव बारगळला. बिस्किटं संपली.

आता बोट फिरवलं तर तेवढंच लागतं.
जॉब नाही, साल नाही, शिसं नाही.
एक अक्षर, आणि खाली कावळ्याचं पाऊल.

आज खराखुरा कावळा तिथेच येऊन बसला,
यूच्या झाडावरून उतरून.
मान वाकडी करून बघत राहिला खाचेकडे.
मी कात्री थांबवली. उगाच.
तो उडाल्यावर
उरलेल्या बाजूचं गवत कापलं,
हात पुसले,
आणि करंगळीचं काय करायचं ते
परत पुढच्या आठवड्यावर ढकललं.