पाण्यात न उतरणारा

बारका. नाव बारकं, शेड मात्र अजस्र.
चाळीस हजार कोंबड्या, बाहेर खारं वारं.
मी खाद्य कालवतो : मका, सोया, शिंपल्यांचा चुरा,
आणि शेवटी, तोळूनमापून, झेंडू.

हो, झेंडूच. वाळवून केलेली भुकटी,
आपल्याच देशातून गोण्यांनी येते.
दसऱ्याला दाराला लावतो तो
इथे अंड्याला लागतो.

माझ्याकडे रंगांचा पंखा आहे, पंधरा पात्यांचा,
फिक्या लिंबापासून शेंदरापर्यंत.
अंडं फोडायचं, बलकाशेजारी पातं धरायचं.
दुकानांना बारा नंबर हवा.
अकरा आला की फोन वाजतो.

पहिल्या महिन्यात मी भुकटी पिण्याच्या पाण्यात घातली होती.
ती तवंगासारखी वर तरंगत राहिली,
कोंबड्या खालचं नितळ पाणी प्यायल्या,
आणि बलक आले सात नंबरचे, आजारी डोळ्यांसारखे.

फिटर हुसेन परकार, मूळचा हर्णैचा, खूप हसला.
"अरे, सालनावर तर्री येते ती पाण्याची का?
ह्यो रंग तेलाचा सोयरा हाय.
पान्यात नाय उतरायचा."
मग खाद्यात तेल वाढवलं.

शुक्रवारी तो मला खाडीवर न्यायचा.
रोहित पक्षी, गुडघाभर चिखलात, माना उलट्या.
काही अजून राखी.
"त्यांचं खायाचं बाकी हाय," म्हणायचा.
आणि मग, दुसरीकडे बघत :
"पिल्लांना भरवता भरवता आईबाप फिके पडतात म्हनं."
आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात बसायचो.
त्याला तीन मुली.

मार्चमध्ये तो कायमचा गेला.
कपाटात राहिला एक प्लास्टिकचा डबा,
आतून केशरी, वीस वर्षांच्या कालवणाचा.
साबण झाला, लिंबू झालं, उकळतं पाणी झालं.
हटत नाही.

उपाय मला ठाऊक आहे.
तेल चोळून उन्हात ठेवायचा,
आणि इथलं मे महिन्याचं ऊन तर
दोन दुपारी पुरे.
गच्चीवर नेलासुद्धा.
झाकण उघडलं. सावली बुटाएवढी.
पाच मिनिटं उभा राहिलो असेन.

मग खाली आणला,
खिशातून पंखा काढला,
पातं डब्याशी धरलं.

चौदा.