चार बोटं

भरमा माझा थोरला. मुतग्यात त्याच्या मापाचं
काहीच नव्हतं.
आई दोन वाकळा टोकाला टोक जोडून शिवायची,
तरी पाय बाहेर.
गल्लीत कंदील टांगायचा असो,
कौलावर अडकलेलं मांजर असो,
हाक एकच, "भरमाला बोलव की."

बाप तालमीतला. वर्षभर दूध-बदाम घातले,
पण ह्याचे पाय कुणीही धरायचं.
उंच माणसाला पाडायला फार लागत नाही,
हे बाप जेवताना सांगायचा, ह्याच्याकडे न बघता.

मग कॅम्पातल्या एका सुभेदारानं
हातात बॉल दिला आणि म्हणाला, आपट.
ह्याला आजवर सगळे आपटत आलेले.

बँकेनं बेंगळूरला नेलं.
सकाळी कॅशच्या खिडकीत वाकून नोटा मोजायच्या,
चारनंतर कोर्ट.
शाळेतलं कन्नड तिथं कामाला आलं नाही,
तिथलं तीन शब्दांत होतं:
कोडू, बा, बिडू.
दे, ये, सोड.
नावही गेलं. "बेळगाव, कोडू!" असं ओरडायचे
आणि अख्खा जिल्हा घामेजून धावायचा.
सुट्टीत कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे गेला की
"तुम्ही कर्नाटकातली माणसं" म्हणून
भाताचं ताट आधी पुढं यायचं.
हा म्हणायचा, भाकरी पण वाढा.

जुने बूट मला. तेरा नंबर.
पुढं वर्तमानपत्र कोंबून मी कॉलेजला जायचो,
मनात खेळाडू,
चालीत बदक.

चौदा वर्षं. मग डावा गुडघा.
ज्या पायावर फिरायचं तो पाय उचलायचा नसतो,
असा त्या खेळाचा नियम.
पायानं पाळला, गुडघ्यानं भरला.
पुढं बँकेत नुसती बँक उरली.
कप आईनं घेतले. त्यातल्या एकात
अजून जोंधळा मोजतो आम्ही, शिगोशीग.

गेल्या साली दवाखान्याला जायला
फाट्यावर बसची वाट बघत होतो.
मध्येच म्हणाला,
"कोइमतूरच्या फायनलला त्या पोराच्या मनगटाला
माझा हात लागलेला.
शिट्टी झाली न्हाई. एका पॉइंटनं जिंकलो.
नाव पण ठाव न्हाई त्याचं."
मी काही बोलणार तोवर बस आली.
खिसे चाचपत कार्ड शोधायला लागला.

यंदा पंचायतीनं शाळेच्या मैदानात रिंग बसवली.
उद्घाटनाला ह्याला शाल, नारळ
आणि करकरीत बॉल.
फाऊलच्या रेषेवरनं पाच टाकले.
पाचही लांब, रिंगच्या मागल्या कडेला लागून बाहेर.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मायेनं,
आजाऱ्याला जेवण गेल्यावर वाजवाव्यात तशा.

"चार बोटं खाली हाय," हा म्हणाला.
"वय झालं की अण्णा," सेक्रेटरी म्हणाला.
गवंड्याचा टेप आणला.
नऊ फूट नऊ इंच.
खांब बसवल्यावर मुरूम पसरलेला,
जमीनच वर आलेली.

"ऱ्हाऊ दे की. पोरास्नी बरं पडतंय.
बिल पण पास झालंय."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
मैदानातनं खरवडल्याचा आवाज.
दुखरा पाय लांब करून, खाली बसून,
खुरप्यानं मुरूम काढत होता.
"काय करालाईस बे?" मी म्हणालो.
"रिंग वर करालोय."

चौथ्या दिवसापासून पोरं घमेली घेऊन येतात.
बॉल पण आणतात, पण तो देत नाही.
संध्याकाळी रिंगखाली उभा राहून हात वर करतो,
टेप नको म्हणतो.
मी स्टुलावर चढून
त्याच्या बोटापासून लोखंडापर्यंत मोजतो.
त्याला पाहिजेत पुऱ्या दोन विती,
तरुणपणी असायच्या तेवढ्या.
तो स्वतः किती खचलाय ते मी हिशेबात धरलेलं,
त्याला सांगितलेलं नाही.

"किती ऱ्हायलं?"
"एक बोट."
"कुणाचं बोट? तुझं का माझं?"
"माझं."
"मग अर्धंच,"
म्हणाला, आणि खुरपं मागितलं.