हायड्रंट क्रमांक सात

भिंतीपलीकडे आमची कंपनी होती.
आता खटला आहे.
खटल्याला कुंपण, कुंपणाला पाटी,
पाटीवर लिक्विडेटरचं नाव, तेही अर्धंच;
उरलेल्यावर वेल चढलाय.

आधी घाणेरी आली.
पोरं तिची काळी फळं खाऊन
जांभळ्या जिभा दाखवत घरी यायची.
फुलंच तर होती, केशरी, गुलाबी.
हिने एकदा देवाला वाहिली
आणि वासाने लगेच उचलली.

मग रानमोडी.
नावातच सांगून आली होती, रान मोडेन म्हणून.
रान नव्हतंच इथे.
मशीनशॉप होतं, कँटीन, सायकलस्टँड.
तिने तेच मोडलं.

फेब्रुवारीत तिचा कापूस सुटतो.
उशीवर, डाळीच्या डब्यात,
सुलभाताईंच्या नेब्युलायझरच्या नळीत.
मार्चमध्ये काड्या वाळतात.
भांडुपच्या डोंगरावरून रात्री वारा उतरला
की पलीकडे कुणीतरी
खुळखुळ्यांची पोती ओढत नेतंय.
आमची मागची भिंत चार इंची.
तिला टेकून गॅसची टाकी.
अशी एकेचाळीस घरं, एकेचाळीस टाक्या.
मी मोजल्यात.
मोजणं हेच माझं काम होतं:
दर शनिवारी दुपारी अडीचला फायर ड्रिल,
बारा हायड्रंट, एकेक उघडून बंद करायचा.
सातवा कँटीनमागे. हट्टी.
त्याची चाकी डावीकडे ओढ खायची.

गेल्या शिमग्यानंतर तिसऱ्या रात्री
कुणीतरी तांब्यासाठी वायर जाळली.
आग चालत येते असं ज्यांना वाटतं
त्यांनी रानमोडी पेटलेली पाहिलेली नाही.
गाडी आली, रेशन दुकानाच्या वळणाला अडली.
पाइपाला पाइप जोडत जवान वर आले
आणि ऑगस्टिनच्या दाराशी पाइप संपला.
चाळीस फूट कमी.
मी ओरडत होतो, सात नंबर!
कँटीनच्या मागे सात नंबर आहे!
पोरगेला जवान होता.
म्हणाला, काका, मागे व्हा.

नाल्याने वाचवलं.
ज्याच्या नावाने वर्षभर बोटं मोडली, त्याने.
तरी नऊ घरांचे पत्रे वाकले,
ऑगस्टिनच्या कोंबड्या खुराड्यातच राहिल्या.

अर्ज केले.
वॉर्ड म्हणालं, जमीन खाजगी.
पोलीस म्हणाले, जमीन कोर्टात.
कोर्टाने तारीख दिली.
रानमोडीला तारीख लागत नाही.

म्हणून यंदा थंडीतच भिंतीला भोक पाडलं.
चंदी वरठा रस्ता झाडायची पाळी उरकून
पाड्यावरून कोयते घेऊन आली.
आम्ही कापत होतो
आणि भिंतीशीच ढीग घालत होतो.
ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
म्हणाली, सरण रचताय का?
मग तिनेच सगळं उपसायला लावलं, मुळासकट,
नाल्यापलीकडे ओढायला लावलं.
वीस पावलं रुंद पट्टा,
भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागडी माती.
वॉचमन आला. अतिक्रमण म्हणाला,
फोटो काढले, पाणी पिऊन गेला.

चौथ्या रविवारी माझा कोयता लोखंडावर वाजला.
सात.
खपल्यांमध्ये लाल अजून होता.
घरून पाना आणला,
कंपनीला परत करायचा राहिलेला, सत्तावीस वर्षं.
चाकी फिरली. ओढ तीच, डावीकडे.
आधी गंज सांडला, मग मुंग्या,
पांढरी अंडी तोंडात धरून,
एकीमागे एक, धक्काबुक्की नाही.
इतकं शिस्तीचं ड्रिल
मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

पाणी नाही. नसणारच होतं.
टाकी भंगारात गेली तेव्हा मीच
कापणाऱ्यांना चहा दिला होता.

आज पट्ट्यात फिरून आलो.
जिथे मूळ तुटून आत राहिलं
तिथे एकाचे चार फुटवे,
कोवळे, पोपटी.
चुरडून पाहिला एक. वास तोच.
चंदीला निरोप धाडलाय.
अडीच वाजत आलेत,
शनिवार आहे.